कणगी भरलेली आहे तोवरच



यंदा भात बरं आलं. हळवं दिवाळीआधीच घरात आलं, गरवंही आता झोडून झालंय, माळावरची नागली-वरई हाती लागली. नवं खाल्लं, कणसरीचे उपकार मानले. बऱ्याच पाड्यांत आज रात्री पोरगं दुसऱ्यांदा भात मागतं तेव्हा आई त्याला देते, टोपात किती उरलाय ते आधी बघत नाही. हे लिहितानाही बरं वाटतं. मोर्चा, तारीख, नोटीस हेच लिहायची आम्हाला सवय झालीय, पोट भरल्याचं लिहायचं राहूनच जातं.

तर पोट भरलेलं असतानाच एक गोष्ट बोलून घेऊ. पाड्यापाड्यातल्या सामाईक कोठीत यंदाचं धान्य अजून आलेलं नाही. काही ठिकाणी तर कोठीचं नावही निघत नाही. विचारलं तर लोक म्हणतात, "आता आपलं आपल्याला पुरतंय, कोठी कशाला?"

आपल्या जमिनी गेल्या कशा, ते आठवा. सगळ्याच काही लाठीने गेल्या नाहीत. कितीतरी पोटाने गेल्या. आगोटीला कणगीचा तळ दिसायचा. आषाढात लावणी असायची, म्हणजे अंगमेहनत सगळ्यात जास्त आणि घरात दाणा नाही. मग सावकाराच्या ओट्यावर जायचं. तो मण द्यायचा आणि कापणीला दीड मण, दोन मण घ्यायचा. द्यायची पायली वेगळी आणि घ्यायची वेगळी, हेही आपल्या म्हाताऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. खळ्यावरूनच धान्य उचललं जायचं, म्हणून पुढच्या आषाढात पुन्हा तोच ओटा. तीन-चार पावसाळे असे गेले की एक अंगठा, आणि शेत त्याचं. मागच्या बैठकीत एक बाबा म्हणाले, "माझ्या बापाचं शेत भाताच्या पेजेत बुडालं." सगळे हसले, आणि मग गप्प झाले.

1945 साली वारल्यांनी वेठ मोडली, लग्नगडी मोडली. 1974 मध्ये जमीन परत करण्याचा कायदा झाला. त्यातलं जे हाती आलं ते आपण तालुक्याच्या कचेरीवर बसून, अंगावर केसेस घेऊन मिळवलं. 1976 मध्ये पालेमोडीविरुद्ध कायदा आला. सरकारी खावटीही होती, ती आपण हक्काने मागायचो. पण ती खावटी म्हणजेसुद्धा कर्जच होतं. त्याला अर्ज लागायचा, फेऱ्या लागायच्या, आणि आषाढातली भूक फेऱ्या संपेपर्यंत थांबत नाही. कायद्याने परत आलेलं शेत आगोटीची भूक पुन्हा घेऊन जाऊ शकते. म्हणून कोठी हे धर्मादाय काम नाही, जमिनीच्या लढ्याचंच काम आहे, असं आम्ही मानतो.

आता जरा अवघड गोष्ट. भट्टीवाल्यांचं काय? ज्यांना जमीन नाही किंवा नावापुरती आहे, अशी घरं दिवाळी झाली की उचल घेऊन भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. कोठीत धान्य पडतं तेव्हा ती पाड्यात नसतात. परत येतात पावसाच्या तोंडावर, उचल फेडून, बहुतेक वेळा रिकाम्या हाताने. मग सभेत कुणी तरी म्हणतं, "ज्याने घातलं नाही त्याला द्यायचं कशाला?"

ऐकायला हे सरळ वाटतं. मागच्या पावसात एका पाड्यात असंच ठरलं, आणि आम्ही तिथे बसलेलो असूनही गप्प राहिलो. एक बाई टोपली घेऊन आली होती, ती तशीच परत गेली. नंतर कळलं की त्या घरात आठ दिवस कडूकांद उकडून खाल्ला, आणि पुढच्या भट्टीची उचल श्रावणातच घेतली गेली. मुकादम काही लांब राहत नाही, त्याला रिकाम्या टोपलीचा वास येतो. त्या दिवशी आमचं चुकलं. हीच घरं मोर्चात आपल्याबरोबर होती, प्लॉट राखायला रात्री जागली होती. आज आपल्या कणगीत जे आहे त्यात त्यांचाही वाटा आहे.

आमचं म्हणणं असं की भट्टीवाल्यांनाही बाकीच्यांसारखंच धान्य द्यावं. परतफेडीला त्यांना दोन हंगाम द्यावेत. ज्यांना धान्य फेडता येत नाही त्यांनी कोठीच्या कामाचे दिवस द्यावेत: कूड लिंपणं, छप्पर शाकारणं, वाळवण घालणं. पाड्याच्या सभेत यावर बोला. पटलं नाही तर तसं कळवा, पुढच्या अंकात छापू.

बाकी नियम जुनेच. भात नीट वाळवून आणावं, ओलं घेतलं जाणार नाही. नागली जरूर घाला, ती वर्षानुवर्षं टिकते, किडा लागत नाही. कणग्या शेणामातीने लिंपून तळाला निरगुडीचा पाला घालायचा. मणामागे एक पायली जास्त परत करायची, ती उंदीर-घटीसाठी, व्याज म्हणून नव्हे. वही पाड्यातल्या शिकलेल्या पोरीने किंवा पोराने लिहायची, पण माप बायांनी घालायचं, कारण घरात किती दाणा आहे ते त्यांनाच माहीत असतं. पौषी पुनवेच्या आत मोजणी उरकू. येताना कुणीही आपली पायली आणू नये. देताना आणि घेताना कोठीतली एकच पायली चालेल, आणि ती सगळ्यांसमोर भरायची.