फवारणीच्या नोंदवहीत मित्रकीटकही हवेत

2017च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या उंचीला पोचली होती. दाटीतून चालताना फवारा अंगावरच यायचा. पंपात प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन, मोनोक्रोटोफॉस अशी जहाल औषधे होती आणि अनेकदा त्यांत आणखी काही मिसळलेले असायचे. पुढे चौकशी झाली, विशेष तपास पथक नेमले गेले, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदीही आली. त्याच वावरातल्या कीटकांचे काय झाले, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

कीटकशास्त्राच्या माणसांनी ते विचारायला हवे. पंपातल्या प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधे ज्या कोलिनएस्टरेज विकराला निकामी करतात, ते बोंडअळीत आहे, मधमाशीत आहे आणि फवारणी करणाऱ्या मजुरातही आहे. माणसाला झालेली बाधा दवाखान्यात कळते; वावरातली पडझड कोणी मोजली तरच कळते.

पऱ्हाटीचे पान उलटून पाहा. केसासारख्या देठाच्या टोकावर क्रायसोपाचे इवलेसे अंडे दिसते. त्यातून निघालेली अळी मावा फस्त करते. गुलाबी बोंडअळी अंड्यातून बाहेर पडताच पाते-बोंडात शिरते, मग फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. उघड्यावर राहतात ते क्रायसोपा, ढालकिडे, कोळी. बोलगार्ड-2 या बीटी कपाशीला गुलाबी बोंडअळी दाद देईनाशी झाल्यावर फवारण्या वाढल्या, आणि त्यांचा पहिला मार या मित्रांवरच पडला. सिंथेटिक पायरेथ्रॉइडच्या वारंवार वापराने पांढरी माशी उसळते, हा तर जुना अनुभव. मग तिच्यासाठी पुन्हा नवी फवारणी, म्हणजे मजुराच्या अंगावर पुन्हा विष.

म्हणून येत्या हंगामासाठी आमचे तीन आग्रह आहेत. संशोधन केंद्रांनी सुट्या औषधांबरोबर शेतकरी प्रत्यक्षात करतात त्या मिश्रणांच्याही चाचण्या घ्याव्यात. वावरात एकेकटे औषध क्वचितच पडते. मग एकेकट्या औषधाच्या निष्कर्षावर सल्ला कसा द्यायचा? दुसरे, प्रत्येक चाचणीत फवारणीपूर्वी आणि नंतर तिसऱ्या, सातव्या दिवशी किडींइतक्याच काळजीने मित्रकीटक मोजावेत. कीड किती मेली एवढेच सांगणारा अहवाल अर्धवट मानावा. तिसरे, कृषी सहायक आणि कृषी केंद्रचालकांनी औषधाचे नाव सांगण्याआधी कामगंध सापळ्यातले गुलाबी बोंडअळीचे पतंग आणि वावरातल्या डोमकळ्या (अळी आत असल्याने न उमललेली फुले) विचाराव्यात. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग किंवा दहा टक्के प्रादुर्भाव, ही आर्थिक नुकसानीची पातळी आपण प्रशिक्षणात शिकवतो. दुकानाच्या काउंटरवरही तीच लागू व्हायला हवी.

टळलेली प्रत्येक अनावश्यक फवारणी मित्रकीटकांना वाचवते, मजुरालाही वाचवते. यवतमाळमध्ये जीव गेले त्यांच्या घरच्यांना आपण एवढे तरी देणे लागतो, की पुढच्या शिफारशीमागे पूर्ण मोजणी असेल.