आठ दिवसांत पाच देश

शनवाऱ्यातल्या आमच्या भिशीत गेल्या महिन्यात एक रंगीत कागद फिरला. ८ दिवस, ५ देश, जैन जेवणासह! सगळ्या हरखल्या. बहुतेकींचा हा पहिलाच परदेश, आणि दुकान त्याहून जास्त दिवस बंद ठेवता येत नाही म्हणून कदाचित शेवटचाही. मी तो कागद घरी आणला, पेन घेऊन बसले, आणि मला रागच आला.

हिशोब बघा ना. येण्याजाण्यात दोन दिवस गेले, राहिले सहा. पॅरिसहून ब्रुसेल्समार्गे अ‍ॅमस्टरडॅम ५०० किलोमीटर. तिथून जर्मनीतून स्वित्झर्लंडचं ल्यूसर्न ८०० च्या वर. सगळं बसनं. बुऱ्हाणपूर ते मुंबई रेल्वेनं जवळपास ५०० किलोमीटर, ते तर कागदात धरलेलंच नाही. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला जाऊन यायचं, तेही नाही. तिकडे साडेचार तास गाडी हाकली की ड्रायव्हरला ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, कायदाच आहे. ड्रायव्हरचा विचार कुणीतरी केला म्हणायचा. आपला कोण करणार?

आपल्या गावात बाहेरचे लोक येतात तेव्हा आपण काय म्हणतो? शाही किल्ल्यात फोटो काढला, हमाम बघितला, मुमताज १६३१ साली इथंच वारली हे ऐकून 'अच्छा?' म्हटलं, मावा जिलबी खाल्ली की गाडीत. जामा मशिदीत संस्कृत शिलालेख आहे, तो बघायला कुणी थांबत नाही. कुंडी भंडाऱ्यात उतरून जमिनीखालचं वाहतं पाणी बघायला वेळ नसतो. आपण हसतो त्यांना. आणि पैसे भरून तेच करायला आपण निघालो.

आता स्वयंपाकाचं. 'जैन जेवणासह' लिहिलंय, तरी प्रत्येक घरात सासूबाई म्हणणारच, "दशम्या घे, खाकरे घे, चटणी घे, छोटी इलेक्ट्रिक शेगडीपण राहू दे." घ्या की दशम्या, मीही घेते. पण शेगडी नाही. शेगडी गेली की तिच्यामागे आपणही हॉटेलच्या खोलीत पहाटे पाचला खिचडी लावत बसणार आणि बाकीचे खिडकीतून डोंगर बघणार. माझ्या नात्यातल्या एकीनं असाच प्रवास केला. काय पाहिलंस विचारलं तर म्हणाली, "खोल्या."

माझं म्हणणं, एकच शहर घ्या. सिंगापूर घ्या. मुंबईहून साडेपाच तासांचं विमान. तिथं वर्षभर सूर्य सातच्या सुमारास मावळतो, म्हणजे चौविहार पाळणाऱ्या बाईला घड्याळाशी भांडायला नको. लंडनला जूनमध्ये सव्वानऊनंतर आणि डिसेंबरात चारच्या आत, तिथं काय करायचं ते करा! लिटल इंडियात कांदा-लसूण-बटाटा नको म्हटलं तर समजतं. बोटॅनिक गार्डनला तिकीट नाही, पहाटे ५ पासून उघडं असतं. तिथं एक सकाळ नुसतं बसा. कुणाला चहा हवाय का, हे न विचारता.

"एवढे पैसे घालून एकच देश?" हे पुरुष म्हणतील, आणि खरं सांगू, आपल्यातल्या निम्म्याही म्हणतील. परत आल्यावर लग्नात सांगायला आकडा लागतो ना. पण आठ दिवसांतले पाच दिवस बसमध्ये घालवायचे असतील तर इंदूरची बस काय वाईट? तिच्यात निदान आपली भाषा बोलतात.

कागदावर 'मोकळा वेळ' असं एकाच ठिकाणी लिहिलंय: शेवटच्या दिवशी, खरेदीसाठी, दीड तास. तेवढ्या ओळीवर मी लाल खूण केली आणि खाली लिहिलं, हा रोज हवा, अर्धा दिवस, आणि कुणासोबत घालवायचा ते बायका ठरवतील. पुढच्या भिशीत कागद परत ठेवतेय. सह्या करायला या.