दोन द्यूतनगरे आणि परक्याचा खिसा

सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमागधारक चार दिवसांच्या सुटीत गोव्याला जातो तेव्हा त्याला समुद्र पाहावयाचा असतो, हे खरेच. परंतु रात्र पडली की त्याची पावले पणजीत मांडवीच्या धक्क्याकडे वळतात. पाण्यावर नांगरलेली झगमगती जहाजे, तेथवर नेणाऱ्या होड्या, प्रवेशशुल्कातच जेवण आणि मद्य, आत नाचगाणे, आणि तीन पत्तीपासून रूलेटपर्यंतची मेजे. काठावर आदिलशहाचा जुना वाडा उभा आहे. 2000 सालापर्यंत गोव्याची विधानसभा तेथेच भरत असे. कायदे करणाऱ्यांच्या जुन्या दारासमोरच हा बाजार मांडला आहे!

पोर्तुगिजांच्याच ताब्यातले दुसरे बंदर म्हणजे चीनच्या किनाऱ्यावरील मकाव. एके काळी त्याचा कारभार गोव्यातूनच चाले. गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाला; मकाव 20 डिसेंबर 1999 रोजी चीनकडे गेले. तेथे जुगार 1847 पासून कायदेशीर आहे. सुमारे चाळीस वर्षांची मक्तेदारी 2002 मध्ये संपली, अमेरिकन भांडवल आत आले आणि 2006 मध्ये या शहराने जुगाराच्या उत्पन्नात लास वेगासच्या मुख्य रस्त्यालाही मागे टाकले.

मकावची रात्र पणजीसारखी हसतखेळत सरत नाही. बॅकरॅटच्या मेजाभोवती माणसे कचेरीत बसावे तशी गंभीर बसतात. मद्यापेक्षा चहाच अधिक चालतो. छतावर रंगवलेले आकाश, खाली कृत्रिम कालवा, आणि बाहेर रात्री उशिरापर्यंत उघडी असलेली गहाणवटीची दुकाने. प्रवाशाच्या दृष्टीने पाहता मकाव अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल. तेथे गहाणवटीचे दुकान जुगाराच्या दाराशीच दिसते. पणजीत खेळणाऱ्याचे दागिने गावी परतल्यावर, सोलापुरात गहाण पडतात.

यात नशिबाचा भाग किती? एक शून्य असलेल्या रूलेटच्या चाकावर 37 घरे असतात. एका घरावरचा डाव लागला तर मूळ रकमेसह 36 पट मिळतात. म्हणजे शंभर रुपयांमागे सरासरी 2 रुपये 70 पैसे मालकाचे. एवढेसेच, असे वाटते. पण हजार रुपये रात्रीतून चाळीस वेळा फिरले की उलाढाल चाळीस हजारांची होते आणि सरासरीने मूळ हजार संपलेले असतात. सावकाराला निदान वसुलीसाठी दारी यावे लागे. येथे ऋणको स्वतःच होडीत बसून जातो.

रोजगार मिळतो, महसूल मिळतो, हा समर्थकांचा ठरलेला युक्तिवाद. 2020 च्या महामारीत मकावचे जुगाराचे उत्पन्न जवळजवळ चार-पंचमांशाने घसरले. एकाच धंद्यावर उभे राहिलेले शहर कसे बसते हे गिरण्यांच्या सोलापूरला कोणी शिकवावयास नको. गिरणीने निदान कापड तरी विणले होते.

खरी मेख निराळीच आहे. चीनच्या मुख्य भूमीवर कॅसिनोला बंदी आहे, आणि मकाव जगते ते मुख्यतः तेथूनच येणाऱ्या खेळाडूंवर. मकावच्या सरकारी नोकरांना चिनी नववर्षाचे तीन दिवस सोडले तर कॅसिनोत प्रवेश नाही. उलट रहिवाशांना 2008 पासून सरकार रोख रक्कम वाटते. गोव्याने 1992 मध्ये कायदा दुरुस्त करून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे आणली, 1996 मध्ये जहाजांवर मेजे मांडू दिली, आणि 1 फेब्रुवारी 2020 पासून गोवेकरांनाच कॅसिनोत जाण्यास मनाई केली. ही बंदी म्हणजे सरकारनेच दिलेली कबुली होय. हा धंदा घरे बुडवतो हे शासनाला पुरते ठाऊक आहे. बुडणारे घर परप्रांतातले असावे, एवढीच त्याची अट! गोवेकराला दारातून परत पाठवणारा हा कायदा सोलापूरकराला मात्र सन्मानाने होडीत बसवतो.

महाराष्ट्राने 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा संमत केला, तो कधीच अंमलात आणला नाही आणि 2023 मध्ये रद्द केला. उशिरा का होईना, योग्य केले. परंतु आपल्या हद्दीत जे विष मानले ते आपल्या नागरिकाला शेजारी पाजले जात असता शासनाने गप्प राहावे काय? पश्चिम विभागीय परिषदेत महाराष्ट्र आणि गोवा एकत्र बसतात. मडगावच्या तरुणापासून जे मेज दूर ठेवणे गोवा शासनाला आवश्यक वाटले, ते अक्कलकोटच्या तरुणासाठी कोणत्या न्यायाने मांडले जाते, हा प्रश्न तेथे महाराष्ट्राने लेखी विचारावा आणि त्याचे उत्तरही लेखीच मागावे.