चेक : कापडाचा, तपासणीचा आणि बँकेचा

आम्हा कापडवाल्यांच्या कानावर दिवसभर पडणारा इंग्रजी शब्द म्हणजे ‘चेक’. गिऱ्हाईक म्हणते, चेक्सचा शर्टपीस दाखवा. माल उतरला की नोकराला आम्ही सांगतो, तागा चेक कर. आणि जिंतूर-सेलूचा किरकोळ व्यापारी रोखीऐवजी पुढे करतो, तोही चेकच.

या तिन्ही अर्थांचे मूळ एकच, आणि ते आपल्या ओळखीचे आहे. फारसीतला ‘शाह’, म्हणजे बुद्धिबळातला शह, युरोपात जाऊन ‘चेक’ झाला. शह म्हणजे रोखणे; त्यावरून तपासणे आले. बुद्धिबळाच्या पटावरून चौकडीचे कापड आले. 12व्या शतकात इंग्लंडच्या राजाच्या खजिन्यात असेच चौकडीचे कापड मेजावर अंथरून, त्यावर सोंगट्या सरकवून हिशेब होत असे. 18व्या शतकात पैशाच्या कागदाची पडताळणी करण्यासाठी ठेवलेल्या स्थळप्रतीला चेक म्हणत. पुढे कागदालाच ते नाव पडले.

मतलब, चेकमध्ये तपासणी मुळातच आहे. पण आपले बंधू ताग्याचा पन्हा दोनदा मोजतात आणि चेक मात्र न पाहता गल्ल्यात टाकतात. शिलाई कारागीर तर लिहाजापोटी बिनतारखेचा चेकही ठेवून घेतो. ‘थोडे थांबा’ म्हणत महिने निघून जातात.

कायदा थांबत नाही. 1 एप्रिल 2012 पासून चेकची मुदत तीन महिन्यांचीच आहे. खात्यात पैसे नाहीत म्हणून चेक वटला नाही, तर 1881 च्या कायद्यातील कलम 138 आहे. ते 1989 पासून लागू झाले. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी. ती पोचल्यावर समोरच्याला 15 दिवस मिळतात. तरी पैसे न आल्यास पुढील एक महिन्यात कोर्टात तक्रार करावी लागते. मुदत चुकली की हक्काची बाजूही लंगडी पडते.

उधारीचा व्यवहार मुदत ठरवून लिहून ठेवा, असा हुकूम सूरह बकराच्या 282व्या आयतीत आहे. मग लिखापढी मागताना संकोच कसला? चेक घेताना तारीख, आकडा, अक्षरी रक्कम व सही पाहावी, त्याचा नंबर बिलासह वहीत टिपावा आणि तो वेळेत बँकेत भरावा. भरवसा जरूर ठेवावा, पण तपासून.