संगणकालाही परीक्षेला बसवा

मा. आयुक्त, सुरत महानगरपालिका यांस,



उधना-लिंबायतच्या लूम कारखान्यांत राबणारी आमची खानदेशी माणसं आजारी पडली की महापालिकेच्या स्मीमेर रुग्णालयाची वाट धरतात. पत्र मराठीत लिहितो आहे. महापालिका आमच्या मुलांसाठी मराठी शाळा चालवते, तेव्हा आपल्या कचेरीत हे वाचणारं कुणीतरी असेलच.

औषध, तपासण्या, सलाइन हे सगळं डॉक्टरांनी कागदाऐवजी संगणकावर लिहायचं, ही पद्धत आता सगळीकडे येते आहे. माझा तिला विरोध नाही. डॉक्टरांचं अक्षर लावताना काय कसरत होते, ते कुठल्याही मेडिकलवाल्याला विचारा. बॉस्टनच्या ब्रिगहॅम रुग्णालयात संगणक आल्यावर औषधांच्या गंभीर चुका 55 टक्क्यांनी घटल्याचं 1998 मध्येच प्रसिद्ध झालं होतं.

पण दुसरी बाजूही ऐका. पिट्सबर्गच्या बालरुग्णालयात ऑक्टोबर 2002 मध्ये अशीच व्यवस्था बसवली. दुसरीकडून हलवून आणलेल्या मुलांमध्ये मृत्यूचं प्रमाण आधी 2.80 टक्के होतं, पुढच्या पाच महिन्यांत ते 6.57 टक्के झालं. अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी जी कारणं सांगितली, त्यातलं एक फार साधं आहे. पूर्वी मूल वाटेत असतानाच औषधं मागवून ठेवता येत; आता ते दारात येऊन त्याची नोंद होईपर्यंत संगणक ऑर्डरच घेईना. गंमत म्हणजे तीच व्यवस्था सिएटलच्या बालरुग्णालयात बसली, तिथे मृत्यू वाढले नाहीत.

म्हणून ही व्यवस्था विकणाऱ्या कंपनीचा माणूस वातानुकूलित खोलीत पडद्यावर जे दाखवतो, त्यावर भिस्त ठेवू नका. रात्री दोन वाजता 108 मधून झटके येणारं पोर उतरलं, केस पेपर अजून निघालेला नाही, अशा वेळी ऑर्डर किती मिनिटांत जाते ते मोजा. मोजायचं ते हेच.

दुसरी भीती खास आमच्या वस्तीची. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या 2005 च्या अभ्यासाने संगणकी व्यवस्थेमुळे संभवणारे चुकांचे 22 प्रकार नोंदवले. यादीतून भलताच रुग्ण निवडला जाणं हा त्यातलाच. इकडे तर पाटलांची गर्दी! एकाखाली एक तीन पाटील, त्यातले दोघे राहुल, वयही तेवढंच. घाईत बोट कुणावर पडेल?

यावर उपाय आहे आणि तो फार खर्चाचाही नाही. अमेरिकेतली लीपफ्रॉग ही संस्था रुग्णालयांना काल्पनिक रुग्ण आणि मुद्दाम चुकीच्या ऑर्डरी देते. पेनिसिलीनची ॲलर्जी असलेल्याला पेनिसिलीन, किंवा प्रमाणाबाहेर डोस. संगणक अडवतो की मुकाट्याने पुढे पाठवतो, ते पाहायचं. 2009 ते 2018 या काळात तिथल्या रुग्णालयांच्या गुणांची सरासरी 53.9 वरून 65.6 टक्क्यांवर आली. इतक्या वर्षांनी, इतक्या पैशांनीही तिसरा हिस्सा निसटतोच. उलट जो संगणक पॅरासिटामॉललाही लाल पाटी दाखवतो, त्याच्या पाट्या न वाचताच पुसायची सवय डॉक्टरांना लागते. त्याचेही गुण कापले पाहिजेत.

आपल्याला एवढीच विनंती. महापालिकेच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत जिथे संगणकी ऑर्डर सुरू आहे किंवा होणार आहे, तिथे अशी परीक्षा दरवर्षी आणि व्यवस्थेत प्रत्येक बदल झाल्यावर घ्या. प्रश्नपत्रिका आपल्याच वैद्यकीय महाविद्यालयातल्या औषधशास्त्राच्या प्राध्यापकांनी आणि वॉर्डातल्या सिस्टरांनी काढावी, कंपनीने नव्हे. निकाल नापास प्रश्नांसकट जाहीर करा. कंपनीचं शेवटचं बिल तो पाहूनच मंजूर करा. सुरुवात बालविभागापासून व्हावी.

कळावे,
उधन्याचा एक रहिवासी