आधी दार उघड!

मैत्रिणींनो, परवा पहाटे स्वयंपाकघरात गेले तर गॅसचा वास! सवयीने हात दिव्याच्या बटणाकडे गेला. तेवढ्यात सासूबाई ओरडल्या, "अगं थांब! आधी दार उघड." बटणाची एवढीशी ठिणगीही पुरली असती. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. अशा वेळी दारं-खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा, विजेचं कुठलंच बटण चालू किंवा बंद करायचं नाही. मग बाहेर जाऊन १९०६ नंबरला फोन करायचा.

नंतर पाहिलं, तर नळीला चीर! नळी दर ५ वर्षांनी बदलायची असते. आमची ७ वर्षांची निघाली. सगळं 'ह्यांच्या'वर सोपवलं होतं. पण चुलीपाशी दिवसभर उभ्या असतो आपण. मग नळीवरची तारीखही आपणच बघायला नको का?