टेंपलर काय भाजीबाजारात मिळतात?

परवाचा अख्खा शनिवार एका वादात गेला. 'मिडिव्हल टू टोटल वॉर' हा खेळ २००६ सालचा, म्हणजे आता तसा म्हाताराच. पण अनपॅक केला की आतल्या फाईल्स साध्या टेक्स्टच्या, त्यामुळे आम्ही तीन-चार मित्र सुट्टीच्या दिवशी आमचा एक छोटासा मॉड शिवत बसतो. त्यात एका मित्राने सुचवलं, "सगळ्या कॅथलिक फॅक्शनना सगळ्या ऑर्डरचे नाइट देऊन टाकू. टेंपलर, हॉस्पिटलर, ट्यूटॉनिक, सांतियागो... मजा येईल!"

मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं ते फोनवर धड सांगता आलं नाही (वादात माझी ही नेहमीची बोंब), म्हणून इथे लिहितोय.

आधी आकडे बघू. ११८७ साली जेरुसलेमच्या राज्यात टेंपलर नाइट किती होते? इतिहासकारांचा अंदाज साधारण तीनशेचा. आपल्या खेळात मोठ्या सेटिंगवर घोडदळाचं एक युनिट साठ-ऐंशी स्वारांचं असतं. म्हणजे चार-पाच युनिटं झाली की राज्यातले टेंपलर संपले! त्याच वर्षी १ मेला क्रेसॉनच्या झऱ्यापाशी नव्वदेक टेंपलर आपल्याहून कितीतरी मोठ्या फौजेवर तुटून पडले आणि त्यातले मोजकेच परत आले. खेळाच्या भाषेत हे एक-सव्वा युनिट. खेळताना एवढं नुकसान आपण लक्षातही घेत नाही, पुढच्या टर्नला नवीन भरती करतो. जेरुसलेमसाठी मात्र ती आपत्ती होती, आणि दोन महिन्यांनी, ४ जुलैला, हतीनला उरलंसुरलंही गेलं.

हतीननंतर काय झालं तेही बघा. सलाहुद्दीनने राजाला जिवंत ठेवलं, पण हाती लागलेल्या टेंपलर आणि हॉस्पिटलर नाइटांची, जवळपास दोनशे जणांची, मुंडकी उडवली. आणि आपल्या खेळात? लढाई संपली की 'खंडणी घेऊन सोडा' हे बटण सगळ्यांना सारखंच! ही माणसं बाकीच्या सरदारांपेक्षा वेगळी होती हे त्यांच्या शत्रूला पक्कं ठाऊक होतं. मॉड बनवणाऱ्या आम्हालाच ते कळू नये?

दुसरा मुद्दा हुकमाचा. हे लोक संन्यासी होते हो! दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाची शपथ घेतलेले. आणि आज्ञा कुणाची? आपल्या मास्टरची, आणि त्याच्यावर थेट पोपची. राजाची नव्हे. ११६८ साली जेरुसलेमचा राजा अमॉरी इजिप्तवर निघाला तेव्हा टेंपलरांनी सरळ सांगितलं, आम्ही येणार नाही. आणि खरंच गेले नाहीत. आता मला सांगा, जे युनिट खुद्द जेरुसलेमच्या राजाला 'नाही' म्हणू शकतं, ते लंडनच्या किल्ल्यात माऊसच्या एका क्लिकवर तयार कसं होईल? आणि पोलंडला ट्यूटॉनिक नाइट? १४१० साली ग्रुनवाल्डला पोलंड-लिथुआनियाच्या सैन्याने ज्यांचा ग्रँड मास्टर मारला, ते हेच लोक ना?

मित्राचं म्हणणं, "अरे, पण ते एलिट होतेच की! मग आकडे जास्त दिले तर बिघडलं कुठे?" मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. त्यांचं वेगळेपण तलवारीच्या जोरात नव्हतं, शिस्तीत होतं. परवानगीवाचून रांग मोडली तर टेंपलरांच्या नियमावलीत कडक शिक्षा होती. (११९१ ला आर्सुफला हॉस्पिटलरांनी रिचर्डच्या हुकमाआधीच घोडे सोडले, तेव्हा शिस्त नेहमीच टिकली असंही नाही.) म्हणून हल्ल्याचा आकडा साध्या नाइटाएवढाच ठेवा, मनोबल आणि शिस्त वाढवा. सगळ्या युनिटांना 'सुपरमॅन' केलं की सुपरमॅन कुणीच उरत नाही.

नुसती टीका करून उपयोग नाही, म्हणून माझा प्रस्ताव असा:

एक, भरती फक्त ऑर्डरच्या मठातून, आणि तीही त्या ऑर्डरचे किल्ले जिथे खरोखर होते त्याच प्रांतांत. साठा कमाल एक युनिट, आणि तो भरायला वीस टर्न. गेलं तर गेलं. रडा.

दोन, तारखा पाळा. ट्यूटॉनिक ११९८ च्या आधी लढाऊ ऑर्डर नव्हतीच. टेंपलरांची धरपकड १३०७ साली सुरू झाली आणि १३१२ साली पोपने ऑर्डरच बरखास्त केली. त्यानंतर भरती बंद. स्क्रिप्टमध्ये इव्हेंट काउंटर लावला की काम झालं, दहा ओळींचा कोड नाही.

तीन, सार्जंट आणा. ऑर्डरच्या फौजेत पांढऱ्या झग्यातले नाइट थोडे, गडद झग्यातले सार्जंटच जास्त. पण त्यांना कुणी पोस्टरवर घेत नाही.

शिवाय खेळाच्या इंजिनला एकूण पाचशे युनिटांची मर्यादा आहे. एक जागा चकचकीत झग्याला दिली की कुठल्यातरी खऱ्या पायदळाची जागा जाते.

"शेवटी खेळच आहे ना," हे वाक्य येणारच. मग उद्या कुणी मावळ्याला पायापासून डोक्यापर्यंत पोलादी चिलखत चढवून सह्याद्रीच्या घाटात उभा केला, तर आपण "खेळच आहे" म्हणून गप्प बसू का? रात्रभर भांडू! मग जो न्याय आपल्या माणसांना, तोच हतीनच्या माळावर मेलेल्यांना. ते आपले कुणी नव्हते, त्यांच्या धर्मयुद्धाशी मला काडीची सहानुभूती नाही. पण माणसं खरी होती, आणि मोजकी होती.

असो. मित्राने अजून उत्तर दिलेलं नाही. तोवर मी सार्जंटांचा झगा रंगवायला घेतलाय.